एकच गेज?

सर्वांस एकच प्रश्नपत्रिका म्हणजेच न्याय, असे म्हणणाऱ्यांनी शिरोली एमआयडीसीतील एखादी फौंड्री पाहावी, असे आम्ही सुचवितो. तेथे लहानमोठ्या साऱ्या कास्टिंगांस एकच गेज कोणी लावीत नाही. जीमॅट परीक्षेतील संगणक तरी दुसरे काय करतो? उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न बहुधा कठीण, चुकले की सोपा; आणि गुण देताना प्रश्नांचे काठिण्यही तो हिशेबात धरतो. आमची एमएचटी-सीईटी अशी नाही. तथापि २०१९ पासून तीही संगणकावर, निरनिराळ्या सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नांनी होते, व सत्रातील इतरांच्या तुलनेने पर्सेंटाइल मिळते. म्हणजे एकच पत्रिका केव्हाच गेली! तिच्यासाठी रडण्यात अर्थ नाही. भांडावयाचे ते निराळ्याच गोष्टीसाठी. काठिण्य कोणत्या विद्यार्थ्यांवर पारखून ठरविले? मराठी शाळेतला मुलगा गणितात नव्हे, प्रश्नातील इंग्रजीत अडखळला, तरी संगणक त्यास सोप्या प्रश्नांकडे वळवितो आणि गणित मोजले असे म्हणतो. गेज बदला, आमची हरकत नाही. पण शिरोलीचा कारागीर गेज आधी तपासून घेतो. परीक्षा घेणाऱ्यांसच ही तपासणी उघडपणे करण्याची लाज का वाटावी?