वैमानिकांचा तुटवडा की पगाराचा?

अमेरिकेतील प्रादेशिक विमानकंपन्यांचे मालक वैमानिक मिळत नसल्याची ओरड गेली कित्येक वर्षे करीत आहेत. त्यांचा रोख एका अटीवर आहे : प्रवासी विमानाच्या सहवैमानिकाच्या गाठीशीही सर्वसाधारणपणे 1,500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा. 2022 साली रिपब्लिक एअरवेजने आपल्या प्रशिक्षणसंस्थेतील उमेदवारांसाठी ही अट 750 तासांवर आणण्याची मागणी केली. सरकारी विमान वाहतूक प्रशासनाने ती फेटाळली, आणि 2024च्या कायद्यातही अट कायम राहिली. ही अट आली कोठून, याविषयी मालकवर्ग मात्र फारसे बोलत नाही.

12 फेब्रुवारी 2009च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान एका घरावर कोसळले. विमानातील 49 आणि घरातील एक, असे पन्नास जण प्राणास मुकले. तिकिटे कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीच्या नावाने विकली गेली होती, विमानावर रंगही तिचाच होता. विमान चालवीत होती कोलगन एअर ही कंत्राटदार कंपनी. 1978 साली विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर ही पद्धत फोफावली. नाव बड्या कंपनीचे, आणि काम कमी पगाराच्या माणसांकडून करून घेणाऱ्या लहान कंपनीचे!

त्या विमानातील सहवैमानिक महिलेचे घर सिएटलजवळ, नोकरी खंडाच्या दुसऱ्या टोकाला नेवार्कला. आदली रात्र तिने मालवाहू विमानांतून प्रवास करण्यात घालविली आणि कंपनीच्या विश्रांतिकक्षातच पाठ टेकली. मुख्य वैमानिकानेही रात्र त्याच कक्षात काढली होती. चौकशीत तिचा वार्षिक पगार सुमारे 16 हजार डॉलर असल्याचे पुढे आले. कंपनीने पुढे तो 24 हजारांच्या आसपास असल्याचा खुलासा केला. खुलासा मान्य केला तरी एवढ्या मिळकतीत नेवार्कसारख्या ठिकाणी दुसरे बिऱ्हाड मांडणे सोपे नव्हते. शिवाय वैमानिकाचा तासाचा दर मुख्यतः विमान फाटकातून हलल्यापासून पुन्हा फाटकाशी लागेपर्यंतचाच. मधली तासन्तासांची ताटकळ बहुधा बिनमोलाची.

मालकांचा एक युक्तिवाद मात्र उडवून लावण्याजोगा नाही. त्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव 1,500 तासांहून अधिक होता : मुख्य वैमानिकाचा 3,300च्या वर, सहवैमानिकेचा 2,200च्या वर. हे खरे आहे. विमानाचा वेग घटून धोक्याची सूचना मिळाली तेव्हा मुख्य वैमानिकाने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले, असा ठपका सुरक्षा मंडळाने 2010 साली ठेवला, तोही खराच. पण त्या जातीच्या विमानावर त्याचे तास जेमतेम शंभराच्या घरातले होते. पूर्वीच्या अनेक परीक्षांत तो अनुत्तीर्ण झालेला होता. पंखांवर बर्फ साचणे म्हणजे काय, हे या नोकरीत येईपर्यंत आपण पाहिलेच नव्हते, असे सहवैमानिका अपघातापूर्वी काही मिनिटेच बोलली होती. तासांची मोजणी पुरेशी नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. ती कमी करावी हे कोठून सिद्ध झाले?

अटीने मालकांना टोचते ते दुसरेच. पूर्वी 250 तासांचा परवाना असलेला तरुण सहवैमानिक म्हणून घेता येत असे. प्रशिक्षणाच्या कर्जाखाली दबलेला हा तरुण पुढे बड्या कंपनीत जागा मिळेल या आशेवर तास जमविण्यासाठी मिळेल तो पगार पत्करी. अटीने ही स्वस्त भरती आटली. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांच्याच न्यायाने, तुटवडा पडला की किंमत चढावयास हवी. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2014 साली दाखवून दिले, की 2000 ते 2012 या काळात वैमानिकांची कमाई, महागाई जमेस धरता, घटलेलीच होती. पुढे 2022 साली अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला 90 डॉलरवर नेला. पैसा होता तर!

अपघातात आप्तेष्ट गमावलेल्यांनी वॉशिंग्टनला खेटे घालून 2010चा कायदा करवून घेतला. विश्रांतीचे नवे नियम 2014च्या जानेवारीत लागू झाले. (आपल्याकडे अशा नियमांचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर डिसेंबर 2025मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सवलत मिळाली ती कंपनीला, हे वाचकांच्या स्मरणात असेल.) अमेरिकेच्या त्या नियमांतून मालवाहू विमानांचे वैमानिक मात्र वगळण्यात आले. रात्रीच्या रात्री उड्डाणात घालविणारे बरेचसे तेच असतात.