हरकत घ्यायलाच हवी

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते, पण जमीन नांदेड-परभणीपर्यंत हलली. असा धक्का बसला की मोबाइलवर संदेश फिरू लागतात : ‘आज रात्री मोठा भूकंप, घरात झोपू नका.’ सोबत १९९३ च्या किल्लारी भूकंपातल्या ढिगाऱ्यांचे, प्रेतांचे फोटो. कुणी ‘हे टाकू नका’ म्हटले, तर ग्रुपमधले चारजण त्याच्यावरच तुटून पडतात. माझ्या मते तो एकटा बरोबर असतो.

त्याच्यावरचा पहिला आक्षेप असा की, किल्लारीला तीस वर्षे उलटली, आता किती दिवस जपायचे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. त्या रात्री दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशीत आहे. ते औशाच्या बाजारात भेटते, लातूर-नांदेडला नोकरी करते आणि आपल्याच ग्रुपमध्ये असते. भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांची एक छोटी पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांमध्ये मानसिक आजार आढळला. ही जखम वर्षे मोजून भरत नाही. सप्टेंबर आला, भांडी खणखणली, तरी ती उघडी पडू शकते.

दुसरा आक्षेप : ‘आम्ही काळजीपोटीच पाठवतो.’ हेतूवर मला शंका नाही. पण भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारे शास्त्र जगात कुठेच नाही. मग त्या संदेशात सावध करण्यासारखे उरते काय? उरते ती फक्त भीती, आणि ती सर्वांत आधी गाठते ज्याने आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली त्याला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणारा खोटा इशारा देणे हा गुन्हा आहे, त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : इतके जपायचे, तर खरे इशारेही द्यायचे नाहीत का? द्यायचे, नक्कीच द्यायचे. जुलै २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा राज्यभर मोबाइल एकाएकी कर्कश वाजले. ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा, असे संदेशात लिहिले होते. पण अक्षरे वाचण्याआधी आवाज काळजात शिरतो. ही यंत्रणा उद्या जीव वाचवील, म्हणून चाचणी हवीच. मात्र भूकंपग्रस्त गावांत आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी द्यावी, आकाशवाणीवर वेळ सांगावी, आशाताईंनी घरोघर कळवावे. त्याने इशाऱ्याची धार बोथट होत नाही, त्यावरचा विश्वास वाढतो.

आपल्या हातातलेही थोडे नाही. भूकंपाची माहिती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडून किंवा जिल्हा प्रशासनाकडून आलेली असेल तरच पुढे पाठवावी. प्रेतांचे फोटो मुळीच टाकू नयेत. कुणी टाकले तर त्याला आधी खासगीत, समजुतीने सांगावे. नाही ऐकले तर सर्वांसमोर सांगावे. कुणाची झोप उडाली असेल, तर त्याला टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

आणि हे बोलण्याचा भार भूकंपग्रस्तांवर टाकू नये. ‘मला त्रास होतो’ हे सांगण्यासाठी त्यांना ती पहाट पुन्हा चारचौघांत उगाळावी लागते. ज्यांची घरे त्या दिवशी शाबूत राहिली, त्यांनीच आधी तोंड उघडले पाहिजे.