धोका रक्तात नव्हता

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत गावी गेले की साऱ्या आळीच्या शंका माझ्यापुढे येतात. मी कला शाखेची, इतिहासाची विद्यार्थिनी. पण "शिकतेस ना, मग सांग" यापुढे कोणाचे काय चालणार! त्यातली एक शंका अजून विचारली जाते : करोनाच्या साथीत रक्त चढवून घेतले असते, तर रोगही अंगात आला असता ना?

याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते ठासून सांगायला हवे. कावीळ 'ब' किंवा एच.आय.व्ही. यांचे विषाणू रक्तातून पसरतात, म्हणून दान केलेल्या प्रत्येक पिशवीची त्यांच्यासाठी तपासणी होते. करोनाचा विषाणू मुख्यतः नाक, घसा व फुप्फुसांत वाढतो. काही रुग्णांच्या रक्तात त्याचे अंश सापडले. परंतु रक्त चढवल्यामुळे करोना झाला असे सिद्ध झालेले उदाहरण नाही. तरीही बऱ्या झालेल्या रुग्णाचे रक्त २८ दिवस घ्यायचे नाही, दान केल्यावर दाता आजारी पडल्यास त्याने रक्तपेढीला कळवायचे, अशी काळजी घेतली गेली. खरा धोका होता तो दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या श्वासात. त्यावर उपाय साधा : खुर्च्या लांब मांडा, वेळ ठरवून थोड्या थोड्या दात्यांना बोलवा.

पण २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली, शिबिरे थांबली आणि रक्तपेढ्यांत टंचाई झाली. आमच्या आळीत थॅलेसेमियाचा एक मुलगा आहे. अशा मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. साथ आली म्हणून ते थांबत नाही. त्या एप्रिलमध्ये त्याचे वडील दात्यासाठी दारोदार फिरले. लोक अर्धवट उघडल्या दारातूनच बोलत. शेवटी एक ट्रकचालक काका त्यांच्याबरोबर गेले. ते चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या आळीतले शिकलेले लोक तेव्हा मोबाइलवर आलेले निरोप वाचत घरात बसले होते.

आता थोडे आपल्या शिबिराविषयी. वर्षातून एक दिवस, मंडप, पाहुणे, छायाचित्र. प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. माझे प्रमाणपत्र आईने देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. परंतु तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. जानेवारीतले रक्त मे महिन्यात कसे पुरणार? आणि मोठी गर्दी जमल्याशिवाय रक्तदान होतच नाही अशी सवय आपण लावून घेतली, तर पुढच्या साथीत पहिल्याच आठवड्यात सारे ठप्प होईल.

त्यापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेने दात्यांची एक वही करावी. रक्तगट, दूरध्वनी क्रमांक, शेवटच्या दानाची तारीख. मुलांना ९० दिवसांनी, मुलींना १२० दिवसांनी पुन्हा देता येते. दर पंधरवड्याला आठ-दहा जणांनी पाळीपाळीने रक्तपेढीत जावे, सुट्टीतही. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरल्यामुळे ज्या मैत्रिणी परत पाठवल्या जातात (आणि त्या किती असतात!) त्यांच्या औषधोपचाराकडेही या निमित्ताने कोणी तरी लक्ष द्यावे.

वही लिहिण्याचे काम मी करीन. सरांनी परवानगी दिली तर परीक्षेआधीच सुरुवात करता येईल, कारण मे महिन्यात वसतिगृह रिकामे होते.