फाटकावरची पाटी कोणी वाचली?



भातावर खोडकिडा दिसला की आपण दुकानातून औषधाची बाटली आणतो. औषध हा आपला शब्द. खरे तर ते विषच. म्हणून बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सोबतच्या कागदावर विषबाधेची लक्षणे आणि उताराही छापलेला असतो. कंपनीने हे उपकार म्हणून छापलेले नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने ते भाग पाडले आहे.

आता मला सांगा, अर्ध्या लिटरच्या बाटलीवर एवढे लिहावे लागते, तर गावाच्या शिवेला लागून ज्या मोठमोठ्या टाक्या उभ्या आहेत त्यांत काय आहे, हे गावाला कळायला नको का? कळायला हवे, आणि कायद्यानेही ते कळवलेच पाहिजे. पण आपण विचारत नाही. आजचे बोलणे त्यावर आहे.

आपला मुलूख पाण्याचा. खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ सालचे. तेव्हापासून घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी वीज करून पाताळगंगेत उतरते. भिवपुरीचे वीजगृह १९२२ चे. त्याच्या पाण्यावर कर्जतकडे राजनाला वाहतो आणि उन्हाळी भात पिकते. बारमाही पाणी, जवळ मुंबई, हाताशी रेल्वे आणि हमरस्ता, म्हणून कारखानेही इकडेच आले. सरकारी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स १९६० साली स्थापन झाली, तिचा कारखाना पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला आणि त्या जागेला नावच पडले रसायनी. पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत वाढली, खोपोलीच्या आसपास लहानमोठे कारखाने झाले. पोरांना रोजगार मिळाला, घरांवर पत्र्याऐवजी स्लॅब आली. हे नाकारून कसे चालेल?

पण त्याबरोबर एक अडाणीपणही आले. धूर दिसतो, पण तो कशाचा ते माहीत नाही. रात्री वास येतो, डोळे चुरचुरतात, पण नाव सांगता येत नाही. ओढ्याचे पाणी कधी लाल, कधी फेसाळ दिसते. आपण म्हणतो, "केमिकल सोडलंय." कोणते केमिकल? त्याने गुराला काय होते? विहिरीत उतरते का? याचे उत्तर गावात कोणाजवळ नसते.

न कळण्याची किंमत काय, ती भोपाळने मोजली. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. शेजारच्या वस्तीला त्या वायूचे नावही ठाऊक नव्हते. लोक घराबाहेर पडून वाट फुटेल तिकडे धावले, कित्येक तर वायू जिकडे जात होता तिकडेच. तोंडावर ओले फडके धरा, एवढे साधे सांगणेही कोणी आधी पोचवले नव्हते. इस्पितळात माणसांची रीघ लागली आणि उपचार कोणत्या विषावर करायचा हे डॉक्टरांनाच माहीत नव्हते. हजारो माणसे मेली. वायूने मारले हे खरेच, पण माहिती दडून राहिली तिनेही मारले.

त्यानंतर जग जागे झाले. अमेरिकेने १९८६ साली लोकांना जवळच्या कारखान्यातील रसायनांची माहिती देण्याचा कायदाच केला. आपल्याकडेही १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने कायदा सुधारून, धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या मालकाने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती दिलीच पाहिजे असे ठरले. कारखाने कायद्याच्या जागी आता नवी संहिता आली आहे, तिच्यातही ही तरतूद आहे. १९८९ च्या नियमांनी आणखी स्पष्ट सांगितले की, घातक रसायनांचा मोठा साठा असणाऱ्या कारखान्याने अपघाताची झळ पोचू शकेल अशा लोकांना धोक्याचे स्वरूप सांगावे आणि अशा वेळी काय करावे, काय करू नये तेही आधी कळवावे.

मग १४ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला, तो प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवावा. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने मुख्य फाटकाबाहेर पाटी लावायची. आत कोणती घातक रसायने किती आहेत, सांडपाणी कसे व किती, हवेत काय सोडले जाते, घातक कचरा किती निघतो, हे त्या पाटीवर लिहायचे. ही पाटी साहेबांसाठी नाही. रस्त्याने जाणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी आहे.

तेव्हा पहिले काम बिनपैशाचे. येत्या आठवड्यात चार जण मिळून आपल्या शिवारालगतच्या कारखान्यांच्या फाटकांवरून फेरी मारा. पाटी आहे का? वाचता येते, की उन्हाने पुसून गेली आहे? आकडे यंदाचे आहेत, की चार वर्षांपूर्वीचे? मराठीत आहे का? वहीत लिहून घ्या. पाटी नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. मंडळाचे रायगड विभागाचे कार्यालय बेलापूरला आहे.

दुसरे काम संमतीपत्राचे. मंडळाच्या संमतीशिवाय अशा कारखान्याला चालता येत नाही. काय बनवायचे, किती बनवायचे, पाणी किती सोडायचे, किती शुद्ध करून सोडायचे, हे सारे त्या कागदात असते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने अशा अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आहे, आणि ज्याला त्याची झळ लागते असा कोणीही माणूस ती पाहू शकतो. ज्याच्या बांधावरून नाला वाहतो, त्याच्याइतकी झळ आणखी कोणाला लागणार?

प्रत हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये माफ आहेत. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. एक युक्ती सांगतो. अर्जात 'का' विचारू नका, कागद मागा. "पाणी का घाण झाले?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. असे लिहा:

१) अमुक कारखान्याच्या चालू संमतीपत्राची प्रत द्यावी.
२) गेल्या बारा महिन्यांत मंडळाने तेथील सांडपाण्याचे व हवेचे घेतलेले नमुने, त्यांच्या तारखा आणि तपासणी अहवाल यांच्या प्रती द्याव्यात.
३) याच काळात बजावलेल्या नोटिसा व आदेश यांच्या प्रती द्याव्यात.
४) आलेल्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीचे कागद द्यावेत.

तीस दिवसांत उत्तर यायला हवे. न आले किंवा अर्धवट आले तर तीस दिवसांत पहिले अपील करा, आणि त्यावरही भागले नाही तर राज्य माहिती आयोगाकडे जा. खाजगी कंपनीला तुम्ही थेट अर्ज करू शकत नाही, पण तिचे जे कागद सरकारी कार्यालयात आहेत ते मागता येतात. कोणी म्हणेल, हे व्यापारी गुपित आहे. औषध कसे बनवतात ते गुपित असू शकेल. माझ्या विहिरीत काय उतरते, ते कोणाच्या धंद्याचे गुपित कसे?

नदीचेही आकडे असतात. मंडळ पाताळगंगेचे नमुने सावरोली पूल, शीळफाटा पूल, खालापूरचे पाणीपुरवठ्याचे पंपिंग स्टेशन अशा ठिकाणी घेते. ते अहवाल मिळाले की तीन ओळी आधी पाहा. पहिली पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. कमी झाला की मासा वर येऊन तोंड उघडू लागतो. दुसरी बीओडीची. पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात त्याचे हे माप, ते ३ किंवा कमी हवे. तिसरी सामूची, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी त्याची. ती साडेसहा ते साडेआठ असावी. पण या तिन्ही ओळी ठीक असल्या म्हणजे पाणी निर्धोक झाले असे नव्हे. धातू किंवा एखादे जहाल रसायन यांत दिसत नाही. त्याची तपासणी झाली का, हे वेगळे विचारावे लागते.

इथे आमच्या भगिनींना एक विनंती. पाणी बदलले हे पहिल्यांदा कळते ते नदीवर धुणे धुणाऱ्या बाईला आणि मासे धरणाऱ्या कातकरी भावाला. त्यांचे पाहणे हवेत विरून जाते, कारण ते कागदावर येत नाही. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून वहीत लिहून घ्या: तारीख, वेळ, जागा, रंग, वास, मासे मेले का. आपण बाटलीत भरून नेलेले पाणी कोर्टात पुराव्याला चालत नाही. कायद्याने ठरवलेल्या रीतीने अधिकाऱ्यानेच नमुना घ्यावा लागतो. म्हणून पाणी बिघडलेले दिसताच लगेच कळवा आणि कळवल्याची वेळही लिहा. आणि मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते घरी आणू नका, गुरांनाही त्या पाण्यावर नेऊ नका.

तिसरे काम सरपंचांचे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्ह्याचा आणि औद्योगिक भागाचा असे आपत्ती गट असतात. स्थानिक गटात प्रांत, कारखान्यांचे निरीक्षक, पोलीस, आरोग्य केंद्र यांच्यासोबत सरपंच किंवा गावपुढारी घ्यायचा आहे. गटाची बैठक महिन्याला आणि अपघाताची रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा व्हायची आहे. लोकांनी मागितली तर माहिती देणे हेही गटाचे कामच आहे. येत्या ग्रामसभेत विचारा: आपल्या भागाच्या गटावर कोण आहे? मागची तालीम कधी झाली? भोंगा वाजला तर गावाने कुठे जायचे? उत्तर नसेल तर ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.

कर्जतकडचे वाचक म्हणतील, कारखाने खालापूरचे, आम्हाला काय त्याचे? अहो, तुमची पोरे खोपोलीला पाळीवर जातात. आणि विष काही फाटकाच्या आतच बसून राहत नाही, ते चाकांवरही फिरते. जून २०२३ मध्ये द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि खालून जाणाऱ्या माणसांचाही बळी गेला. टँकरवर पाटी असते, तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १२३० मिथेनॉल, १८३० गंधकाचे आम्ल. अपघात दिसला तर लांबूनच तो क्रमांक वाचून ११२ वर सांगा. सांडलेले भरून घ्यायला कळशी घेऊन धावू नका. वारा कुठून येतो ते पाहून त्याला आडवे निघा, नाकातोंडावर ओले फडके धरा. क्लोरीन जड असतो, तो खोलगट जागी साचतो. तेव्हा ओढ्यात किंवा तळघरात न लपता उंचावर जा.

बंद पडलेला कारखाना म्हणजे रिकामा कारखाना, असेही समजू नका. रसायनीच्या हिंदुस्थान ऑर्गॅनिकचे बहुतेक विभाग बंद करायचे सरकारने २०१७ साली ठरवले. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे वायुगळती झाली आणि माकडे व कबुतरे मेली. तोंड मिटून राहणारी जनावरे ती. ती कोणाला विचारणार होती? आपल्याला तोंड आहे.

शेवटची अडचण मला ठाऊक आहे. "पोरगा तिथेच कामाला आहे, विचारले तर त्याची नोकरी जाईल." ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने विचारू नका; ग्रामपंचायतीच्या नावाने, ठरावाने विचारा. आणि नीट पाहाल तर या माहितीची सर्वांत जास्त गरज त्या पोरालाच आहे. टाकीच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो. चांगला चालणारा कारखाना पाटी लावतो, तालीम घेतो, विचारणाऱ्याला बसायला खुर्ची देतो. जो विचारताच चिडतो, त्याच्याबद्दल तर आधी विचारायला हवे.

विचारणे म्हणजे भांडण नव्हे. जावई करताना आपण घर, घराणे, शेतीवाडी सारे विचारतो, आणि त्याचा कोणी राग मानत नाही. कारखाना तर जन्माचा शेजारी. त्याच्या पोटात काय आहे हे गळती झाल्यावर रात्री अंधारात विचारण्यापेक्षा आज दिवसाउजेडी विचारलेले बरे. या आठवड्यात निदान पाटी तरी वाचून या.