डेंग्यू, द्वारका आणि धुराचे प्रशासन

जे काम मोजायला सोपे ते महत्त्वाचे मानायचे, आणि जे महत्त्वाचे पण मोजायला अवघड ते अहवालातून हळूहळू गळू द्यायचे, ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे. रस्ते वा इमारतींच्या बाबतीत तिची किंमत पैशात मोजता येते. डेंग्यूच्या बाबतीत ती माणसांच्या जिवाने मोजावी लागते, म्हणून आज थोडे कठोर लिहिणार आहे.

दिल्लीच्या नैर्ऋत्येला द्वारका या उपनगरात मी बरीच वर्षे राहतो. पप्पनकलाँ या गावाच्या नावाने आखलेली ही वसाहत म्हणजे सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे जंगलच. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली काही मराठी कुटुंबेही इथेच स्थिरावली. इथल्या सेक्टर ८ मध्ये राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. म्हणजे डासांविषयी देशात जे ज्ञान साठले आहे त्याचा मोठा भाग आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे! तरीही पाऊस सरत आला की डेंग्यू येतोच. तेव्हा ज्ञान कमी पडते असे कोणी म्हणू नये.

१९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. १०,२५२ रुग्णांची नोंद झाली आणि ४२३ माणसे दगावली. २०१५ साली रुग्ण १५,८६७ होते आणि मृत्यू ६०. शंभरात चार मरत होते, ते हजारात चारवर आले. पूर्वी सौम्य आजारांची नोंद कमी होत असेल हे मान्य केले तरी फरक मोठा आहे. त्याचा अर्थ असा की डॉक्टर शिकले. रुग्णसंख्या मात्र वाढलीच. डास रोखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ती यंत्रणा काय शिकली?

डॉक्टर जे शिकले ते थोडक्यात सांगतो, कारण परगावी राहणाऱ्या आपल्या घरांतही याबाबत गैरसमज फार आहेत. डेंग्यूवर नेमके औषध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो, तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. ताप गेला म्हणून घरातले निश्चिंत होतात, नेमके तेव्हाच सावध राहायचे असते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, गुंगी, यातले काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. उपचाराचा गाभा म्हणजे योग्य वेळी योग्य प्रमाणात द्रव देणे. पण लोकांचे लक्ष असते प्लेटलेटच्या आकड्यावर. सकाळ-संध्याकाळ तपासणी, रक्तदात्यांसाठी धावाधाव, पपईच्या पानांचा रस, अव्वाच्या सव्वा दराने शेळीचे दूध! रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने लाभ होत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. नातेवाईकांच्या भीतीपुढे तेही कधी कधी वाकतात. २०१५ मध्ये दिल्ली सरकारने डेंग्यूच्या तपासणीचा दर ६०० रुपये आणि प्लेटलेट मोजणीचा दर ५० रुपये ठरवून दिला. लूट थांबवण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र शासनाची सारी धडपड रोग झाल्यानंतरच्या टप्प्यावर होती, हेही त्यातून दिसले.

आता त्या आधीच्या टप्प्याकडे येतो. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, दिवसा चावतो आणि गटारात नव्हे तर घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी मिळाले की जिवंत होतात. दिल्लीतला कूलर या जीवशास्त्रासाठी जणू मुद्दाम बनवला आहे. एप्रिल ते जून तो चालतो. जुलैत हवा दमट झाली की उपयोग संपतो. लोक बटण बंद करतात, टाकीतले पाणी तसेच राहते. ऑक्टोबरात कोणी ते ओतून कूलर माळ्यावर टाकतो, पण कडांना चिकटलेली अंडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहत बसतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावे लागते. महाराष्ट्रात आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात त्यामागचा हिशेब हाच, की आठ दिवसांचे चक्र सातव्या दिवशी तोडायचे.

पण लोक पाणी साठवतात ते हौसेने नाही. द्वारकेचे जलशुद्धीकरण केंद्र बांधून तयार होते, आणि हरियाणातून मुनक कालव्याचे पाणी मिळेना म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिले. त्या काळात इथली घरे टँकर आणि बोअरवेलवर जगली. जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप, स्वयंपाकघरात बादल्या ही सवय तेव्हा जडली आणि नळाला पाणी आल्यावरही सुटली नाही. कारण पाणी उद्या येईल यावर कोणाचाच विश्वास नाही. एका खात्याने पाणी अनियमित द्यायचे आणि दुसऱ्याने ते साठवल्याबद्दल दंडाची पावती फाडायची, याला सुसंगत धोरण कसे म्हणावे? डेंग्यू हा निदान निम्मा तरी पाणीपुरवठ्याचा रोग आहे. साथीच्या बैठकीत पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला आरोग्य अधिकाऱ्याइतकेच उत्तरदायी धरले पाहिजे.

त्याऐवजी आपण धूर करतो. धूरफवारणीने फक्त उडणारा डास मरतो, पाण्यातली अळी मरत नाही. हा डास पडद्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधारात बसतो आणि धूर रस्त्यावर सोडला जातो. रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांच्या आत वेळीच फवारणी झाली तर उपयोग आहे. गल्लीतून फिरणारे यंत्र बहुतांशी समाधानासाठी असते. तरीही तीच मागणी नगरसेवक करतात, सोसायट्याही करतात, आणि अधिकाऱ्याला ती सोयीची वाटते. इतके लिटर औषध, इतके वॉर्ड, इतके छायाचित्र, तक्ता भरला. शंभर घरे तपासली तर कितींत अळ्या सापडल्या, हा खरा आकडा. तो एप्रिलपासून दर आठवड्याला सेक्टरनिहाय जाहीर का करू नये? कारण तो आकडा वाढला तर कोणाला तरी विचारावे लागेल.

घरात शिरून पिंपे तपासणारी माणसे दिल्लीत आहेत. 'डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर' असे भारदस्त नाव असलेली ही मंडळी वर्षानुवर्षे कंत्राटावर राबली आणि कायम होण्यासाठी त्यांनी वारंवार संप केले. संपूर्ण व्यवस्थेतले सर्वांत उपयुक्त काम सर्वांत दुर्बल कर्मचाऱ्याकडे! वर आमच्यासारखे सुशिक्षित लोक त्यांना फाटकावरच थांबवतात. याच डासाने पसरणारा पीतज्वर १९०१ साली हवाना शहरातून गेला, तो अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गोरगास यांच्या पथकांनी घरोघरची पाण्याची पिंपे तपासली म्हणून.

घरात शिरणाऱ्या सरकारी माणसाविषयीचा अविश्वास आपल्याला परका नाही. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळे झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडती घेतल्यासारखी तपासली आणि २२ जून १८९७ रोजी त्याचा परिणाम गणेशखिंड रस्त्यावर दिसला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. एकाच साथीत घरात शिरण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने डेंग्यूचा रुग्ण कळवणे बंधनकारक केले ते याच कायद्याखाली. कळवण्याचा नियम योग्यच आहे, पण त्याने रुग्ण कळतो, पिंप कळत नाही.

२०१९ मध्ये दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे घरातले पाणी तपासण्याची दहा आठवड्यांची मोहीम दिल्लीत निघाली. कल्पना शास्त्रशुद्ध होती. फक्त सुरुवात १ सप्टेंबरला झाली, तोवर डासांच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. हीच मोहीम मार्चमध्ये, माळ्यावरून कूलर खाली येतात त्या आठवड्यात सुरू व्हावी.

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत धूर करणाऱ्या कंत्राटदाराचे पैसे टाक्यांच्या झाकणांकडे आणि तपासनिसाला घरोघर घेऊन जाणाऱ्या दोन माणसांच्या पगाराकडे वळवावेत, असा ठराव मी दिला आहे. सचिवांचे म्हणणे असे की धूर बंद केला तर सभासद त्यांना निवडून देणार नाहीत.