पाठीतला ‘कट्’ आवाज आणि खरा आराम

मोबाईलवर एक व्हिडिओ हल्ली घरोघरी पाहिला जातो. माणूस टेबलावर पालथा पडलेला असतो, पाठीवर दोन हात येतात, एक झटका बसतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि तो माणूस हसत उठतो. पाहणाऱ्याला वाटते, कित्येक वर्षांची पाठदुखी एका झटक्यात गेली! घरात अब्बांची कंबर धरलेली असेल, अम्मींना रुकूतून सरळ होताना भिंतीचा आधार लागत असेल, तर ‘आपणही एकदा दाखवून येऊ’ असे मनात येणे साहजिक आहे. या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही त्याची केंद्रे निघाली आहेत. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि कुठे जपायला हवे, ते पाहू.

या पद्धतीची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथे झाली. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे चुंबकीय उपचार करीत. त्याच इमारतीत सफाईचे काम करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांना ऐकू कमी येत असे. त्यांच्या पाठीतला एक मणका दाबून बसवला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. त्यावरून त्यांनी मोठा सिद्धांत मांडला: मणके जागचे हलतात, नसा दाबल्या जातात आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात. पण कानाची नस कवटीतूनच थेट मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही. आजच्या शरीरशास्त्राला हा सिद्धांत मान्य नाही.

मग तो आवाज कसला? मणक्यांच्या सांध्यांत थोडे द्रव असते. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब कमी होतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडल्यावर येतो तोच हा आवाज. सरकलेले हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. आवाज आला म्हणजे आराम पडणारच असे नाही, आणि आला नाही म्हणजे उपचार फुकट गेला असेही नाही.

सिद्धांत चुकीचा असला तरी पाठीला हाताने दिलेल्या उपचाराचा काहीच उपयोग नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कंबरदुखीवर याची बरीच तपासणी झाली आहे. २०१७ साली अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा आढावा आला. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत सहा आठवड्यांपर्यंत वेदना आणि हालचाल यांत थोडासा फरक पडतो, असे त्यात आढळले. २०१९ साली ब्रिटनच्या ‘बीएमजे’मध्ये ४७ चाचण्या आणि नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा आला. जुनाट कंबरदुखीत हा उपचार व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच उपयोगी ठरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘इतकाच’ हा शब्द आपण लक्षात ठेवावा. घरच्या घरी नियमित व्यायाम करून जे मिळते, त्याहून फार वेगळे येथे मिळत नाही.

शिवाय नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. त्या काळात कोणी सहा वेळा झटका देऊन घेतला, तर बरे होण्याचे श्रेय झटक्याला जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिश आणि मणक्यांचा हाताने केलेला उपचार या सर्वांना स्थान आहे. मात्र कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढ देणे यांची नेहमीचा उपाय म्हणून शिफारस केलेली नाही. आपल्या कित्येक घरांत हा पट्टा वर्षानुवर्षे बांधला जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

दमा, रक्तदाब, मधुमेह, कानाचे आजार किंवा तान्ह्या बाळाचे रडणे यांवर हा उपचार चालतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्याला भक्कम पुरावा नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियात या व्यवसायाच्या नियामक मंडळानेच दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांवर असा उपचार करू नये, असे आपल्या लोकांना सांगितले होते. तेव्हा बाळाला तेथे नेण्याचा विचारही नको.

सर्वांत जपायचे ते मानेला. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने मान फिरवल्यानंतर या वाहिनीचे आतले अस्तर फाटून लकवा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असे क्वचितच घडते, पण घडले तर आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. मानदुखीवर झटक्याशिवाय इतर उपचार आहेत, मग हा धोका पत्करायचा कशाला? हेच सलूनमध्ये हजामतीनंतर मान मोडून घेण्याबाबत. आपल्या मुलांना आणि भावांना हे जरूर सांगावे. मान फिरवल्यानंतर अचानक तीव्र डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे किंवा तोल जाणे असे काही झाले तर घरी झोपवून ठेवू नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

काही रुग्णांनी कंबरेलाही झटका घेऊ नये. हाडे ठिसूळ झालेली वयस्क मंडळी, नुकतेच पडलेले, पूर्वी कर्करोग झालेले आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे हे त्यांत येतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, मणक्याचा क्षयरोग. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा एमआरआय. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका बसला तर पाय लुळे पडू शकतात. पायांतली ताकद कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये.

तरीही जायचे ठरवले तर चार प्रश्न विचारावेत. आपले शिक्षण कोठे आणि किती वर्षांचे? माझी तपासणी करून नेमके काय आढळले? किती वेळा यावे लागेल? आणि फरक पडला नाही तर पुढे काय? पहिल्याच भेटीत वीस-तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. चार-सहा वेळा जाऊनही फरक पडत नसेल तर थांबावे. भगिनींनी स्त्री फिजिओथेरपिस्ट मागावी, घरचे कोणी सोबत न्यावे. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

बाकी खरा उपाय आपल्याच हातात आहे. पाठ दुखते म्हणून आठवडाभर पडून राहू नये, सोसेल तितके चालावे. शेक घ्यावा. जड भांडे किंवा पाण्याची बादली उचलताना गुडघे वाकवावेत आणि वजन अंगाजवळ धरावे. फिजिओथेरपिस्टकडून चार व्यायाम शिकून ते रोज करावेत. रुकू-सजदा खरोखर जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहे, तेथे शरीराला ओढाताण नको. घरातल्या वयस्कांना ही सवलत घेताना अपराधी वाटते. त्यांना प्रेमाने समजावावे आणि त्यांच्यासोबत रोज अर्धा तास फेरी मारावी. महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसू लागेल, इन्शाअल्लाह.