विश्लेषण : पसंतीक्रम विद्यार्थ्याचा, मग जबाबदारी कोणाची?

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कनिष्ठ महाविद्यालये पसंतीक्रमाने निवडता येतात. नाशिक महापालिका क्षेत्रात ऑनलाइन प्रवेश आधीपासून होते. २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद. त्यामुळे यादीत कोणते नाव वर, कोणते खाली, याला मोठे महत्त्व आहे.

डेटाबेसला मात्र हे 'वर-खाली' आपोआप कळत नाही. तक्त्यातील नोंदींना स्वतःचा क्रम नसतो. नाव, गुण किंवा तारखेनुसार मागितला, तर तो लावून मिळतो. पण केटीएचएम आधी की एचपीटी-आरवायके, हे वर्णमाला सांगू शकत नाही. घरापासूनचे अंतर, बसभाडे, शाखा हा हिशेब विद्यार्थ्याच्या डोक्यात असतो. म्हणून पसंतीचा क्रमांक वेगळ्या रकान्यात साठवावाच लागतो.

कसोटी लागते ती क्रम बदलताना. नववे नाव दुसऱ्या जागी आणले, की दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात नावे एकेक पायरी खाली येतात. म्हणजे एका बदलासाठी आठ नोंदी बदलतात. त्यातल्या निम्म्याच साठल्या, तर एकाच क्रमांकावर दोन महाविद्यालये दिसू शकतात. म्हणून 'सगळे बदल, नाहीतर एकही नाही' हा ट्रान्झॅक्शनचा नियम इथे हवाच. हजारो नोंदींच्या यादीत १००, २००, ३०० असे अंतर ठेवून क्रमांक देतात. मधे १५० घातला, की एकच नोंद बदलते. दहा नावांसाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

दुसरा मुद्दा पडद्याचा. छोट्या मोबाईलवर नाव बोटाने ओढायला जावे, तर पानच सरकते. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेली वेब सुलभतेची 'डब्ल्यूसीएजी २.२' मानकेही सांगतात, की ओढण्याला साध्या स्पर्शाचा पर्याय हवा. प्रत्येक नावापुढे 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणे दिली, तरी काम भागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्ज लॉक करण्याआधी सर्व्हरवर प्रत्यक्ष साठलेली यादी पुन्हा दाखवली पाहिजे. पडद्यावर दिसते तेच साठले, असे गृहीत धरता येत नाही. क्रम ठरवणे विद्यार्थ्याचे काम. तो जसाच्या तसा जपणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे.